मंडळीतल्या भावाला जामीन राहू का?

पत्र :

ताई, ख्रिस्तात सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यजमानांचं शिलाईचं छोटं दुकान आहे. मुलगी यंदा नर्सिंगला गेली, मुलगा नववीत आहे. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समितीवरचे, एक पंच मालवाहू टेम्पोसाठी पतसंस्थेतून ५ लाखांचं कर्ज काढत आहेत. मुदत ५ वर्षं, व्याज १४ टक्के. एक जामीनदार मिळाला, दुसरा पगारदार हवा म्हणून त्यांनी मला विचारलं. मी घुटमळले तर म्हणाले, "जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे, असं प्रभूनं सांगितलंय. प्रभू आपल्याला जामीन झाला आणि तुम्हाला एक सही जड होते?" त्या दिवशी प्रभुभोजनाची उपासना होती. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. गृहस्थ वाईट नाहीत. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा आमच्याबरोबर रात्री जागले आहेत. यजमान म्हणतात, करून टाक सही. पण माझ्या वडिलांची विहिरीवरची जमीन अशाच एका सहीपायी गेली. मी नाही म्हटलं तर प्रभूची आज्ञा मोडते का? आणखी एक. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका बाईंच्या कर्जाला मी जामीन राहिले आहे. हे घरी कोणाला माहीत नाही.

उत्तर :

प्रिय भगिनी, सलाम.

नाही, तुम्ही आज्ञा मोडत नाही. ही सही करू नका, असंच माझं सांगणं आहे. मात्र सही नाकारून घरी बसू नका. त्या भावाला मदत करायची आहे, आणि ती कशी करायची तेही वचनातच आहे.

तुमच्यापुढे ठेवलेलं वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं, बेचाळिसावं. जो मागतो त्याला दे, आणि जो उसनं घेऊ पाहतो त्याला पाठमोरा होऊ नकोस. हे वचन कोणी सौम्य करून सांगू लागलं तर मला आवडत नाही. ते आहे तसंच घ्यायचं. प्रभू देण्याविषयी बोलतो, उसनं देण्याविषयी बोलतो. लूकच्या सहाव्या अध्यायात तर परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या म्हणतो. या दोन्ही ठिकाणी देणारा देतो ते स्वतःच्या हातातलं. दिलं की त्याच्याकडचं कमी होतं आणि गोष्ट तिथेच संपते.

जामीन राहणं वेगळं. त्यात आज काहीच द्यावं लागत नाही, म्हणून तर "एक सही" असं म्हणता येतं. तुम्ही देता तो शब्द, आणि तोही दुसऱ्याच्या पुढच्या पाच वर्षांबद्दलचा. टेम्पोला भाडी मिळतील की नाही, मालकाची तब्येत कशी राहील, डिझेल कुठे जाईल, हे ना त्यांना ठाऊक ना तुम्हाला. याकोबाच्या पत्रातला चौथा अध्याय काढा. अमुक नगरात जाऊ, वर्षभर व्यापार करू, नफा मिळवू, असं बोलणाऱ्यांना तो म्हणतो की तुम्हाला उद्याचंही ठाऊक नाही. जामीनदार तर दुसऱ्याच्या उद्याची हमी देतो.

नीतिसूत्रांचं पुस्तक या एका विषयाकडे पुन्हा पुन्हा वळतं. सहाव्या अध्यायात, अकराव्यात, सतराव्यात, विसाव्यात, बाविसाव्यात. रोजच्या व्यवहारातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल ते इतक्यांदा बजावतं. बाविसाव्या अध्यायाच्या शेवटाकडे म्हटलंय, तुझ्याजवळ फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं? तुमच्या वडिलांची जमीन गेली, म्हणजे हे वचन तुमच्या घरानं भोगलं आहे. त्या आठवणीला अविश्वास समजू नका.

पण माझं मन सर्वांत जास्त अडकतं ते सतराव्या अध्यायात. सतरावं वचन सांगतं की मित्र सर्व काळ प्रीती करतो आणि भाऊ विपत्तीतल्या साहाय्यासाठीच जन्मलेला असतो. किती मंडळ्यांत हे वचन भिंतीवर लावलेलं असेल. त्याच्या लगेच खालचं अठरावं वचन कोणी भिंतीवर लावत नाही. शेजाऱ्याच्या समक्ष हातावर हात मारून जामीन होणारा मनुष्य बुद्धिहीन आहे, असं ते आहे. शास्त्रानं ही दोन वचनं एकाखाली एक ठेवली आहेत. भावाच्या विपत्तीत उभं राहायचं आणि तरी जामीन राहायचं नाही, हे दोन्ही एकाच माणसाला सांगितलेलं आहे. तुम्हाला वाटतंय की प्रीती हवी तर सही करावी लागेल आणि सही नको असेल तर प्रीती सोडावी लागेल. शास्त्र ही निवड तुमच्यापुढे ठेवतच नाही.

आता "प्रभू आपल्याला जामीन झाला" याबद्दल. इब्री लोकांस पत्रात, सातव्या अध्यायात, येशू अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला असं खरोखरच लिहिलं आहे. पण आपण फेडू या भरवशावर त्यानं सही केली नव्हती. आपण फेडणार नाही हे जाणून, सगळं स्वतः द्यायचं ठरवून तो उभा राहिला. वधस्तंभावर त्यानं ते दिलं. योसेफाचा भाऊ यहूदा याचंही तसंच. उत्पत्तीच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात तो बापाला म्हणतो, बन्यामीनासाठी मी जामीन होतो. पुढच्याच अध्यायात मिसर देशात प्रसंग आला तेव्हा, मुलाला जाऊ द्या, त्याच्या जागी मी दास होऊन राहतो, असं तो बोलून दाखवतो. पौल फिलेमोनाला लिहितो की तुझा दास अनेसिम तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. जे नुकसान झालं असेल ते मागे होऊन गेलेलं आहे, आणि त्याबद्दल पौल सरळ "मी फेडीन" म्हणतो. "त्यानं नाही फेडलं तर बघू," असं म्हणत नाही.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा. हे सगळे पैसे मीच भरणार आहे असं समजून, मनात कडवटपणा न ठेवता, मला सही करता येईल का? हिशेब मी करून पाहिला. ५ लाख, १४ टक्के, ६० हप्ते. महिन्याला साधारण ११,६०० रुपये होतात आणि पाच वर्षांत जवळजवळ ७ लाख. तुमच्या पगारातून, मुलीची फी भरून, यजमानांच्या दुकानाचे मंदीचे महिने सांभाळून, हे जमेल? जमत असेल आणि नवरा-बायकोचं एकमत असेल, तर यहूदासारखं उभं राहायला शास्त्र तुम्हाला अडवत नाही. जमत नसेल तर तुमच्याजवळ नसलेली गोष्ट तुम्ही देऊ करत आहात. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, पौल दानाविषयी सांगतो की ज्याच्याजवळ जसं असेल तसं ते मान्य होतं, नसेल तसं नाही. इतरांना सुख आणि तुम्हाला ओझं, असं व्हावं हा हेतू नाही, हेही तो तिथेच लिहितो.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या, कारण "नुसती फॉर्मॅलिटी आहे" हे वाक्य तुम्ही लवकरच ऐकाल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कागदावर वेगळं काही ठरलेलं नसेल तर आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकते आणि त्यात जामीनदारांचीही नावं येतात. अर्जाबरोबर पगारातून कपातीचं संमतिपत्र जोडलेलं असतं, ते न वाचता पुष्कळ शिक्षक सही करतात. पगारदार जामीनदार हवा असतो तो यासाठीच. आपल्या भागानं कागदाची ताकद फार पूर्वी ओळखली होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुप्यात, शेतकरी उठले ते सावकारांच्या घरांतली कर्जखतं आणि रोखे काढून जाळायला, आणि पुढे तो उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. आपण काय सही केली हे त्या लोकांना वाचताही येत नव्हतं. तुम्हाला येतं.

त्या पंचांविषयीही मला बोललं पाहिजे. ते वाईट नाहीत असं तुम्ही लिहिता, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. माणूस कर्जाच्या मागे धावत असला की त्याच्या तोंडून नको ते निघतं. पण प्रभुभोजनाच्या दिवशी, प्रभूच्या मरणाचा दाखला देऊन कोणाकडून सही मागणं चूक आहे. ते पंच आहेत म्हणून तर अधिकच. मंडळीत ज्याला अधिकार आहे त्यानं आपल्या गरजेसाठी वचनाचा जोर लावायचा नसतो. जमीन विकून थोडी रक्कम मागे ठेवली आणि सगळी दिली असं भासवलं, त्या हनन्याला प्रेषित पेत्रानं काय म्हटलं ते आठवा. जमीन तुझीच होती, आणि विकल्यावरही ती रक्कम तुझ्याच हाती नव्हती का? पहिल्या मंडळीत इतकं सगळं सामाईक असतानाही प्रेषितांनी कोणावर देण्याची सक्ती केली नव्हती. हनन्याचा अपराध खोटं बोलण्याचा होता.

आणि म्हणूनच नाही म्हणताना तुम्ही खोटं बोलू नका. "यजमान नको म्हणतात," "शाळेतून परवानगी नाही," "आमचंच कर्ज चालू आहे," असल्या सबबी सोप्या असतात. होय तर होय, नाही तर नाही. उपासनेनंतर आवारात, चार लोकांत हे बोलू नका. आधी यजमानांशी बोला (त्याकडे मी शेवटी येते), मग दोघं मिळून त्यांच्या घरी जा. असं काही म्हणता येईल :

"दादा, आईंच्या आजारपणात तुम्ही रात्री जागलात ते आम्ही विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. पण जामीन मी राहणार नाही. उद्या भरायची वेळ आली तर आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, आणि मग तुमचं-आमचं नातं तुटेल. तुमच्या टेम्पोसाठी आम्हाला काय करता येईल, ते मात्र आज बसून ठरवू."

ते रागावतील कदाचित. काही रविवार बोलणार नाहीत. मंडळीत चार तोंडांनी चर्चा होईल. मनुष्याची भीती पाशरूप होते, असं नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे, आणि पुष्कळ सह्या प्रीतीपोटी नव्हे, या भीतीपोटीच होतात.

उपकार फेडण्याचंही तुमच्या मनात घोळतंय. सासूबाईंपाशी जागलेल्या रात्री त्यांनी प्रीतीनं दिल्या. ती परतफेड मागत असतील तर ती प्रीती उरत नाही, आणि मागत नसतील तर तुम्ही फेडायला का निघालात? रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की एकमेकांवर प्रीती करणं याशिवाय कोणाच्याही ऋणात राहू नका. त्या घरात कोणी आजारी पडलं तर तुम्ही दवाखान्यात जागा. ते ऋण असंच चालू राहायचं असतं.

आता मदतीचं. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, म्हणजे देवाच्या सेवेतलं घर. सावकार तिच्या दोन मुलांना दास करायला आला आहे. अलीशा सावकाराला जाऊन "मी जामीन" म्हणत नाही. तो तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? तेलाची एक कुपी, ती म्हणते. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, थोडीथोडकी नव्हेत. तेल भरलं जातं, विकलं जातं, कर्ज फिटतं आणि उरलेल्यावर घर चालतं. तेल वाढवलं देवानं. शेजाऱ्यांनी भांडी दिली नसती तर ते साठवलं कशात असतं? त्यांनी दिली ती साधी वस्तू होती, घरात पडून असलेली, आणि ती देताना कोणाचं घर धोक्यात आलं नाही. मंडळीनं एकमेकांना करायची मदत मला पुष्कळदा अशीच दिसते.

तुमच्याकडे कोणतं रिकामं भांडं आहे? तुम्ही शिक्षिका आहात, हिशेब आणि अर्ज तुम्हाला नवे नाहीत. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक वही घेऊन बसा. नवाच टेम्पो कशाला, जुना चालेल का? महिन्याला किती भाडी पक्की आहेत? विमा, टायर, ड्रायव्हर धरून हप्ता निघतो का? मनोरा बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज करा, असं प्रभूनं लूकच्या चौदाव्या अध्यायात म्हटलंय. हे बसणं त्यांच्याबरोबर कोणी केलंय की नाही कोण जाणे. पतसंस्थेशिवायचे रस्तेही पाहा. वाहनकर्जात गाडी स्वतःच तारण असते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत मालवाहतुकीचं वाहन बसतं, किशोर गटात ५ लाखांपर्यंतचं कर्ज येतं आणि त्यासाठी मालमत्ता तारण ठेवावी लागत नाही. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याकांत मोडतो, म्हणून मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही चौकशी करायला हरकत नाही. अर्ज भरायला, कागद गोळा करायला, बँकेत दोन हेलपाटे घालायला तुम्ही किंवा यजमान बरोबर जा.

पैसेही द्या, जमत असतील तर. तुम्ही दोघांनी ठरवा, परत आले नाहीत तरी आपल्या घरात वाद होणार नाही अशी रक्कम कोणती? १० हजार असेल, २५ हजार असेल. ती गाडीच्या सुरुवातीच्या भरण्यासाठी द्या आणि देताना सांगा की हे उसने नाहीत. मग मत्तयाचं बेचाळिसावं वचन तुम्ही पाळलंत, जसं लिहिलंय तसं. देताना त्यांची मान खाली जाणार नाही एवढं पाहा. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गहाण घेणाऱ्याला सांगितलंय की ऋणकोच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः वस्तू आणून देईल. देवाला गरजवंताच्या उंबरठ्याचीही इतकी काळजी आहे. तेव्हा पाकीट त्यांच्या बायकोसमोर, मुलांसमोर काढू नका.

आणि पाळकसाहेबांशी बोला, तक्रार म्हणून नव्हे. प्रत्येक मंडळीत कर्जाला जामीन शोधत फिरणारी माणसं असतात, आणि ती नेहमी त्याच चार पगारदारांच्या दारात जातात. मंडळीचा एखादा साहाय्य निधी असावा, रक्कम लहान का असेना, देण्याचे नियम सर्वांना ठाऊक असावेत. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकून धान्य आणत होते, तेव्हा तिथला सुभेदार असलेल्या नहेम्यानं एकेकाला गाठून समजावलं नाही. मोठी सभा बोलावली आणि आपणही कर्ज दिलं आहे हे मान्य करून मग सगळ्यांना व्याज सोडायला लावलं.

राहिली ती तुमच्या पत्राची शेवटची ओळ. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

यजमानांना आज सांगा. पंचांच्या घरी जाण्याआधी. दोन वर्षं तुम्ही हे एकटीनं वागवलंत आणि दर महिन्याला पगार जमा झाल्याचा मेसेज आला की तुमचा श्वास अडकत असेल. ती जबाबदारी उद्या घरावर येऊ शकते, म्हणून ती घराला माहीत असली पाहिजे. "तू मला न विचारता केलंस," असं ते म्हणतील, आणि त्यांचं खरं असेल. तेवढं ऐकून घ्या. मग नव्या सहीबद्दलही तुम्हाला दोघांना नीट बोलता येईल. "करून टाक" म्हणणाऱ्या माणसाला आधीची एक सही चालू आहे हे कुठे माहीत आहे?

नीतिसूत्रांचा सहावा अध्याय तुमच्यासाठीच आहे, पहिली पाच वचनं. तू जामीन झाला असलास, आपल्याच तोंडच्या शब्दांत सापडला असलास, तर जा, नम्र हो, शेजाऱ्याची विनवणी कर, डोळ्यांना झोप लागू देऊ नको, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून जा. लाज सोडून जायला सांगितलंय, आणि लगेच. कर्ज उचललं गेल्यावर जामीनदाराला एकट्यानं मागे हटता येत नाही, हे खरं. पण त्या सहकारी बाईंना भेटून, हप्ते वेळेवर चालू आहेत का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संस्थेकडे लेखी अर्ज देऊन कर्जखात्याचा उतारा मागा, अर्जाची पोच घ्या. थकबाकी असेल तर आत्ताच कळू द्या, तीन हप्त्यांची सोय होते, तीस हप्त्यांची होत नाही. बाईंना दुसरा जामीनदार मिळत असेल आणि संस्था लेखी मान्य करत असेल तर तुमचं नाव कमी करून घ्या. कधी काळी तुम्हाला भरावे लागलेच तर प्रत्येक पावती जपा, कारण भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क जामीनदाराला कायद्यानं आहे. आणि कर्ज फिटलं की बेबाकी दाखल्याची एक प्रत त्या बाईंकडून मागून घ्या आणि ती यजमानांच्या हाती द्या.